सुलट-उलटच्या पुढे: नव्या विणी शिकताना नेहमी पडणारे प्रश्न

दिवाळी सरली की माझ्या फोनवर अर्धवट विणलेल्या स्वेटरांचे फोटो यायला लागतात आणि फोटोखाली एकच ओळ असते, "ताई, हे असं का होतंय?" प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली. सुईवर टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं एवढं तुम्हाला येतं असं धरलं आहे. पुढे जिथे सु. आहे तिथे सुलट वाचा, उ. आहे तिथे उलट.

१. मला फक्त सुलट आणि उलट येतं. पुढच्या विणी कोणत्या क्रमाने शिकू?

"फक्त" म्हणू नका. दोन सुयांच्या विणकामात टाके तेवढेच आहेत. बाकी सगळं म्हणजे त्यांची जागा बदलणं, दोन टाके एकत्र विणणं, मध्ये लोकरीचा एक जादा वेढा घेणं किंवा एखादा टाका न विणताच पलीकडे सरकवणं.

मी शिकवते तो क्रम असा: आधी रिब (उभ्या रेघांची वीण), मग मॉस (दाण्यांची वीण), मग टोपलीची वीण (४ सु. ४ उ. अशा चार ओळी, पुढच्या चार ओळींत अदलाबदल). त्यानंतर वेणी, मग जाळी आणि शेवटी दोन रंग. रिबमध्ये हातातलं विणकाम बघायची सवय लागते, म्हणून ती पहिली. पण जाळीच्या शालीवर जीव जडला असेल तर खुशाल तिथून सुरू करा. आवडीचं असलं की माणूस चार वेळा उसवतो आणि पाचव्यांदा विणतो. नावडता गळपट्टा पहिल्या चुकीलाच कपाटात जातो.

२. विणताना मध्येच फोन आला की पुढचा टाका सुलट की उलट, तेच कळत नाही. लक्षात कसं ठेवायचं?

ठेवूच नका, बघा. सुलट आणि उलट या एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. डाव्या सुईवरच्या टाक्याच्या खाली नजर टाका. इंग्रजी व्हीसारखे दोन पाय दिसले तर तो तुमच्या बाजूने सुलट. गळ्याशी आडवा मणी दिसला तर उलट. मागच्या ओळीत तुम्ही तो कसा विणला होता याच्याशी आता देणंघेणं नाही, कारण काम फिरवलं की सुलटाचं उलट दिसतं.

हे एकदा डोळ्यांत बसलं की दोन विणी पाठ न करता येतात. रिबमध्ये जे दिसतं तेच विणायचं, म्हणजे व्हीवर सुलट, मण्यावर उलट. मॉसमध्ये दिसतं त्याच्या विरुद्ध: मण्यावर सुलट, व्हीवर उलट. कागद लागतो तो पहिल्या ओळीपुरता.

३. मी प्रत्येक ओळ १ सु. १ उ. अशीच विणते. कधी रिब होते, कधी दाणेदार काहीतरी. असं का?

टाके सम की विषम, एवढाच फरक. २० टाके असतील तर ओळ उलट टाक्यावर संपते. फिरवलं की तोच टाका समोरून सुलट दिसतो आणि तुम्ही त्यावर सुलटच विणता. सुलटावर सुलट चढत गेला की उभ्या रेघा पडतात, ती रिब. २१ टाके असतील तर ओळ सुलट टाक्यावर संपते, फिरवल्यावर तो उलट दिसतो आणि त्यावर सुलट पडतो. हे दाणे म्हणजे मॉस.

मॉस या नावाचाही घोळ आहे. ब्रिटिश पुस्तकातली मॉस म्हणजे हीच. अमेरिकन नमुन्यात हिला सीड म्हणतात आणि मॉस म्हणजे दर दोन ओळींनी जागा बदलणारी, जरा उंच दाण्याची वीण. नमुना कुठला आहे ते आधी बघा.

४. "६ च्या पटीत अधिक २" म्हणजे किती टाके घालायचे?

६ ला हव्या त्या आकड्याने गुणा आणि शेवटी एकदाच २ मिळवा. ३८ चालतील, ५० चालतील, ४८ नाही. सहा टाक्यांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. वरचे दोन टाके दोन्ही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून असतात. दोन-दोनची रिबही म्हणूनच ४ च्या पटीत अधिक २ घालतात, म्हणजे ओळ २ सु. ने सुरू होऊन २ सु. नेच संपते. कडेच्या पट्टीचे टाके यात धरलेले नसतात, ते वेगळे घाला. गोलात विणताना मात्र हिशेब बदलतो (प्रश्न १६).

५. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेला गळपट्टा नळीसारखा गुंडाळला जातो. इस्त्रीने बसेल का?

नाही बसणार, आणि लोकर अॅक्रिलिक असेल तर इस्त्री मुळीच लावू नका (प्रश्न १८). हा त्या विणीचा स्वभावच आहे. सगळे सुलट एका बाजूला आणि सगळे उलट दुसऱ्या बाजूला आले की ताण असमान होतो: वरची-खालची कड पुढे वळते आणि बाजूच्या कडा मागे. स्वेटरमध्ये कडा शिवल्या जातात, खाली रिब असते, म्हणून तिथे हे जाणवत नाही.

गळपट्ट्यासाठी दोन्ही बाजूंना सुलट-उलटचं प्रमाण सारखं असलेली वीण घ्या. रिब, मॉस, टोपली, सगळ्या ओळी सुलट, यांतलं काहीही चालेल. चारी बाजूंना चार-पाच टाक्यांची मॉसची पट्टी दिली तर वळणं बरंच कमी होतं. रुंद गळपट्ट्यात तरीही थोडं राहतं.

६. आधी नमुन्याचा चौकोन विणायलाच हवा का? तेवढ्या वेळात पाठीची रिब होते.

आकडेच बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आहेत आणि घेर ९० सेंटिमीटर हवा आहे, म्हणून १९८ टाके. तुमचा हात सैल आहे, तुमचे १० सेंटिमीटरला २० च बसतात. त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटिमीटर होईल. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर नऊ सेंटिमीटर ढगळ.

नवीन वीण असेल तर चौकोन त्याच विणीत विणा. वेणी कापड आत ओढते, जाळी पसरते. साध्या विणीचं माप तिथे उपयोगाचं नाही. १५ सेंटिमीटरचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मधले १० सेंटिमीटर मोजा, कारण कडेचे टाके खोटं बोलतात. गळपट्टा आणि शालीला मी स्वतः चौकोन विणत नाही. अंगाला बसणाऱ्या कुठल्याही वस्तूला विणते.

७. मुलीने अमेरिकेतून नमुना पाठवला, त्यात १० नंबरच्या सुया आहेत. माझ्या १० नंबरवर ते कापड पत्र्यासारखं कडक होतंय.

दोन्हीकडचा १० नंबर वेगळा आहे. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत उलट, नंबर वाढला की सुई जाड. आपली १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, त्यांची १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर, जवळपास दुप्पट. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, त्यांची ५ ची.

नंबर सोडा, मिलिमीटर बघा. जुन्या सुयांवरचे आकडे झिजलेले असतात. सुयांची मापं घ्यायची भोकांची पट्टी दुकानात मिळते, ती एकदा घेऊन ठेवा.

८. व्हिडिओ सगळे हिंदीत असतात. त्यातली "सलाई" म्हणजे सुई की ओळ?

दोन्ही! "दस नंबर की सलाई" म्हटलं तर सुई, "चार सलाई बुनो" म्हटलं तर चार ओळी. बाकी शब्द सोपे आहेत: फंदा म्हणजे टाका, सीधा म्हणजे सुलट, उल्टा म्हणजे उलट, जोड़ा म्हणजे दोन टाके एकत्र विणणं. उत्तरेत या कामाला मोठी परंपरा आहे. हिमाचलातल्या लाहौलमध्ये एकोणिसाव्या शतकात मोरावियन मिशनच्या लोकांनी केलाँगला विणकाम शिकवलं आणि तिथल्या बायकांनी मोज्यांवर स्वतःचे रंगीत नमुने चढवले. तेव्हा भाषेला अडून राहू नका, ते व्हिडिओ बघाच.

९. वेणीची वीण दिसते फार अवघड. खरंच आहे का?

सहा टाक्यांची वेणी घ्या. दोन्ही बाजूंना दोन-तीन उलट टाके ठेवा, म्हणजे वेणी उठून दिसेल. सहा ओळी साध्या विणा. सातव्या ओळीत, म्हणजे सुलट बाजू समोर असताना, पहिले तीन टाके एका छोट्या दोन टोकांच्या सुईवर काढा आणि ती सुई कापडाच्या पुढे सोडा. डाव्या सुईवरचे पुढचे तीन टाके सुलट विणा. मग सोडलेले तीन विणा. झाली गाठ-भेट. सुई पुढे ठेवली तर वेणी डावीकडे झुकते, मागे ठेवली तर उजवीकडे. त्यानंतर दर सहा किंवा आठ ओळींनी हेच.

वेगळी सुई नसेल तर मोठी सेफ्टी पिन चालते. मी पहिली वेणी केसांच्या आकड्यावर विणली होती. आकडा गुळगुळीत असल्यामुळे टाके निसटायचे, मग त्याला लोकरीचा एक वेढा मारून ठेवायचे.

खालच्या रिबवरून वेणीकडे जाताना प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवा. नाहीतर वेण्यांचा स्वेटर कमरेशी बरोबर बसतो आणि छातीशी आवळतो.

१०. प्रत्येक वेणीला अर्थ असतो आणि बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखायचे, हे खरं का?

कथा सुंदर आहे, पण तिला आधार नाही. आयर्लंडच्या अॅरन बेटांवरचे ते पांढरे, वेण्यांनी भरलेले स्वेटर विसाव्या शतकातले आहेत. १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एका आयरिश नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, तीही स्वेटरवरून नव्हे. मोजा तिनेच विणलेला असतो आणि त्यात आपण किती टाके गाळले होते हे तिला आठवत असतं. घराण्याघराण्यांच्या वेण्यांची कथा पुढे स्वेटर विकणाऱ्यांनी फुलवली. मला तो मोज्याचा प्रसंग जास्त खरा वाटतो. आपल्या हातची चूक कोण विसरतं?

११. दहा ओळी वर आल्यावर दिसलं की एक वेणी उलट्या बाजूला वळली आहे. सगळं उसवू?

नको. फक्त त्या वेणीचे सहा टाके सुईवरून सोडा आणि चुकलेल्या ओळीपर्यंत निसटू द्या. बाकीचे टाके सुईवरच राहतील. समोर दहा आडव्या शिड्या लोंबकळताना दिसतील. टाके नीट वळवून घ्या आणि सगळ्यात खालच्या शिडीपासून, एकेका शिडीच्या लोकरीने, दोन छोट्या सुयांवर ते सहा टाके पुन्हा विणत वर या. कडेचे टाके थोडे सैल-घट्ट दिसतील, धुतल्यावर सारखे होतात.

छाती धडधडते, पण अर्ध्या तासाचं काम आहे. लोकर केसाळ असेल तर हा प्रयोग करू नका, तिच्या शिड्या एकमेकींत गुंततात.

१२. जाळीची सगळ्यात सोपी वीण कोणती? माझे टाके दर ओळीला कमी-जास्त होतात.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची लाटांची वीण घ्या. १८ च्या पटीत टाके आणि चारच ओळी, त्यातल्या तीन डोळे मिटून विणाव्यात अशा.

पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी सगळी उलट. तिसरीत दोन टाके एकत्र सुलट असं ३ वेळा, मग लोकर पुढे घेऊन १ सु. असं ६ वेळा, मग पुन्हा दोन एकत्र ३ वेळा. चौथी, म्हणजे मागच्या बाजूची ओळ, सगळी सुलट.

तिसऱ्या ओळीत सहा टाके गेले आणि सहा वेढ्यांनी सहा आले, म्हणजे १८ चे १८. जाळीचं गणित नेहमी असंच जमतं: जितकी भोकं, तितक्या जोड्या. टाके कमी भरले तर कुठेतरी लोकर पुढे घ्यायची राहिली, जास्त भरले तर जोडी राहिली. दर १८ टाक्यांनंतर रंगीत दोऱ्याची कडी सुईवर अडकवा, चूक कुठल्या तुकड्यात आहे ते लगेच सापडतं. काही विणींत टाके मुद्दाम एका ओळीत वाढवून पुढच्या ओळीत घटवतात. तसं असलं तर नमुन्यात लिहिलेलं असतं.

एक खाच आहे. सुलट टाक्याआधी लोकर नुसती पुढे आणली की विणताना वेढा आपोआप पडतो. उलट टाक्याआधी लोकर पुढेच असते, म्हणून ती सुईवरून मागे नेऊन खालून पुन्हा पुढे आणावी लागते. हे विसरलं की भोकच पडत नाही.

१३. पानाचा नमुना विणला, पण एक बाजू रेखीव आली आणि दुसरी दातेरी. काय चुकलं?

दोन्ही बाजूंना तुम्ही एकाच प्रकारची जोडी विणलीत. दोन टाके एकत्र सुलट विणले की जोडी उजवीकडे झुकते. पानाच्या दुसऱ्या कडेला डावीकडे झुकणारी जोडी लागते. त्यासाठी एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा सुलट विणा आणि न विणलेला त्याच्यावरून ओढून सोडून द्या. आपल्याकडच्या जुन्या पुस्तिकांत हीच रीत असते. जरा सैल दिसते. आणखी नीटस हवी असेल तर दोन टाके एकेक करून सुलटासारखे सरकवा, मग डावी सुई दोघांच्या पुढून घालून एकत्र विणा.

१४. चौकटींचा तक्ता कुठून वाचायचा?

खालून वर, कारण कापड खालून वर वाढतं. सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे, मागच्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे. तक्ता म्हणजे कापडाचं पुढून काढलेलं चित्र. म्हणून रिकामी चौकट पुढून सुलट आणि मागून उलट विणायची, ठिपक्याची चौकट त्याच्या विरुद्ध. चालू ओळीच्या वर पोस्टकार्ड ठेवा. बऱ्याच जणी ते खाली ठेवतात आणि नेमकी विणून झालेली ओळच झाकतात, जी बघायची असते.

१५. माझे सुलट टाके पिळलेले दिसतात, पण गोल सुईवर टोपी विणली की छान येतात. सुई खराब आहे का?

सुई ठीक आहे, तुमचा उलट टाका वेगळा आहे. उलट विणताना लोकर सुईच्या वरून न घेता खालून घेतलीत तर पडणारा टाका सुईवर तिरका बसतो: त्याचा पुढचा पाय मागे जातो. पुढच्या ओळीत तुम्ही तो नेहमीसारखा पुढून विणता आणि तो पिळतो. गोलात साध्या विणीत उलट ओळच येत नाही, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

उपाय दोन आहेत. उलट टाक्याला लोकर वरून घ्यायची सवय करा. किंवा सवय तशीच ठेवून सुलट ओळीत टाका मागच्या पायातून विणा. दुसरी रीतही अगदी मान्य आहे आणि उलट ओळ तिने भरभर होते. मात्र जाळीत जोड्यांचा झुकाव उलटा येईल (प्रश्न १३), ते ध्यानात ठेवा.

१६. सपाट विणीचा नमुना गोलात विणला तर वेगळंच काहीतरी आलं.

गोलात काम फिरवत नाही, कायम पुढची बाजूच समोर असते. म्हणून मागच्या ओळीत लिहिलेलं सुलट तिथे उलट होतं आणि उलटाचं सुलट. सगळ्या ओळी सुलट असलेली वीण गोलात हवी तर एक फेरी सुलट, एक उलट. तक्त्याच्या सगळ्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. "अधिक २" मधले दोन टाके घालायचेच नाहीत, कारण गोलाला कड नसते. मॉस मात्र गंमत करते: विषम टाक्यांवर ती फेरी न मोजता गोल गोल चालत राहते.

१७. दोन रंगांचा नमुना बाळाच्या मोज्यांवर विणू का? बाळंतविड्यात द्यायचे आहेत.

टोपड्यावर विणा, मोज्यांवर नको. दोन रंग एका ओळीत चालवले की न वापरलेला रंग मागून आडवा धावतो आणि त्या दोऱ्यांत बाळाची इवली बोटं अडकतात. जाळीच्या भोकांतही तेच. मोजे आणि हातमोजे मॉसमध्ये किंवा रिबमध्ये विणा. टोपड्याला आतून मऊ सुती अस्तर लावा.

मोठ्यांच्या कपड्यात मागचा दोरा पाच टाक्यांपेक्षा लांब धावत असेल तर मध्ये एकदा विणीच्या लोकरीखाली अडकवून घ्या. तो ओढू नका. उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरा आणि मगच रंग बदला, नाहीतर कापड आकसतं. एका ओळीत दोनच रंग ही फेअर आयल या स्कॉटिश बेटाची पद्धत. १९२२ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तसा स्वेटर घातला आणि ती फॅशन झाली. दोन धागे एकदम जमत नसतील तर दर दोन ओळी एकाच रंगाने विणा आणि दुसऱ्या रंगाचे काही टाके न विणता सरकवा. नमुना तसाच भरगच्च दिसतो, हातात धागा मात्र एकच.

१८. जाळीची शाल विणून झाली, पण चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. उसवून टाकू का?

थांबा. जाळी सुईवरून उतरते तेव्हा अशीच दिसते. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गादीवर ताणून कडेने टाचण्या लावा आणि पूर्ण वाळू द्या. सुती धाग्यालाही हे लागू पडतं.

आपल्या दुकानांतली पुष्कळशी लोकर अॅक्रिलिक असते आणि ती पाण्याने तेवढी बसत नाही. टाचण्या लावून वरून, न टेकवता, नुसती वाफ द्या. इस्त्री टेकली तर धागा वितळून लोंबू लागतो आणि ते पुन्हा नीट होत नाही. माझी एक गुलाबी शाल अशी गेली, अजून कपाटात आहे.

१९. उसवलेली लोकर कुरळी होते. तिने पुन्हा विणलं तर टाके वेडेवाकडे येतात.

गुंडी करण्याआधी लोकर खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळून तिची लडी करा. चार ठिकाणी सुती दोऱ्याने ढिली बांधा, घट्ट बांधली तर आतली लोकर ओली होत नाही. कोमट पाण्यात बुडवा, दाबून पाणी काढा आणि बाथरूमच्या दांडीवर लटकवा. खाली ओला टॉवेल अडकवला की त्याच्या वजनाने वळ्या सुटतात. अॅक्रिलिकच्या वळ्या पूर्ण जात नाहीत. ती लोकर मॉसमध्ये वापरा, दाण्यांत काही कळत नाही.